चारशे बारा पावलं

३ मार्च

पोरी,

आईच्या पत्राच्या शेवटी 'बाबांचे आशीर्वाद' एवढी एक ओळ मी आठ वर्षं लिहीत आलो. तीही बऱ्याचदा आईच लिहायची, हे तुला अक्षरावरून कळलं असेलच. आज अख्खं पत्र माझ्या हातचं बघून घाबरू नकोस. आई ठणठणीत आहे. डावा गुडघा सोडला तर मीही आहे.

कारण असं की बोर्डाचा कागद आला आहे. बोर्डाकडे तुझा पत्ता अजून आपल्या घराचाच आहे. कागद सोबत जोडतो, पण त्यांची भाषा तुला माहीत आहे, म्हणून साध्या शब्दांत सांगतो. तुझा अंगार सोडण्याचा परवाना रोखला, त्याला येत्या एकतीस मार्चला आठ वर्षं होतात. तोवर नवा पुरावा देऊन कुणी अपील केलं नाही, तर तुझं नाव नोंदवहीतून कायमचं खोडलं जाईल. मग पुढे कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही.

कागद येऊन चार दिवस झाले. मी तो भिंतीवरच्या घड्याळामागे खोचून ठेवला होता. आज जाळी काढताना आईच्या हातून तो खाली पडला.

"हे काय?"

"बोर्डाचा कागद. तिचा."

"मग तिला पाठवायचा सोडून घड्याळाला का वाचायला दिलात?"

"नुसता पाठवून काय होणार? नवा पुरावा लागतो."

"मग शोधा," म्हणाली आणि झाडू घेऊन आत गेली. तुझी आई दोन शब्दांत बोलली की समजावं, मागे दहा दाबून ठेवले आहेत.

बाकी इकडचं म्हणशील तर अंगारशाळेत नवे सर आले आहेत. माणूस हुशार, पण भिंतीवर नियमांचे फलक लावायची हौस दांडगी. मी निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी दरवर्षी नव्या तुकडीला पहिला धडा द्यायला मलाच बोलावतात. येत्या सोमवारी जायचं आहे. झेंडेवाला रोज संध्याकाळी चहाला येतो. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाहीच, आणि त्या बाजूच्या गालाची कातडी थंडीत अजून ओढते म्हणतो. तुझा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही.

मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या डोंगराला वणवा लागला. त्याच्या वाटेतलं गवत आधीच जाळून टाकायला दरीपलीकडे अंगार पोचवायचा होता. सगळ्या जिल्ह्यात परवानेवाले तीनच उरलेत. तिघांचेही अंगार दरीत पडले, आणि दोन वस्त्या गेल्या. हे आईनं तुला लिहिलं नसेल. मी लिहितो ते बातमी म्हणून, दुसरा काही अर्थ काढू नकोस.

नकाशांच्या कचेरीत तुझं बरं चाललंय म्हणे. दिवसभर एका रेषेवर नजर ठेवायची, म्हणजे तुला जमणारच. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

काय करायचं ते कळव.

— बाबा


११ मार्च

पोरी,

तुझं कार्ड पोचलं. 'बाबा, नवा पुरावा काय असणार? नजर माझी ढळली, हे मी तेव्हाच सांगितलं आहे. अपील करू नका. आईच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्या.' चष्म्याचं काम उद्या करतो.

सोमवारी पहिला धडा दिला. तू तो पूर्ण ऐकलेला नाहीस, कारण त्याचा शेवटचा भाग तू गेल्यावर जोडला गेला. सुरुवात तीच. मंत्राचे तीन चरण. पहिल्या चरणाला अंगातली ऊब तळहातात गोळा होते, दुसऱ्याला तिचा अंगार होतो, तिसऱ्याला तो सुटतो. सुटला की तो हाताचा राहत नाही, डोळ्यांचा होतो. जिकडे नजर तिकडे अंगार, तो पडून विझेपर्यंत. म्हणून मैदानावर कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही. नाव फाटकाबाहेर ठेवून यायचं, आत फक्त नंबर आणि हुद्दे. नावानं मान वळते, मानेबरोबर नजर, आणि नजरेबरोबर अंगार. हे मी तीस वर्षं शिकवलं.

यानंतर मी त्यांना 'क्रमांक सातची चूक' सांगतो. हो. आठ वर्षांत आठ तुकड्यांना सांगितली. परवाना मिळाल्यावरची पहिली जाहीर फेक होती, वारा बेताचा होता. क्रमांक सातनं अंगार सुरेख सोडला, आणि तो हवेत असताना मान वळवून उजवीकडे, बघ्यांना अडवणाऱ्या दोराकडे पाहिलं. दोरामागे मी उभा होतो. अंगार वळून माझ्यावर आला. तिनं घाबरून नजर झटकली, ती डावीकडे वाऱ्याच्या झेंड्यावर गेली, आणि झेंड्याखाली झेंडेवाला होता. 'तेव्हा मंडळी, नजर,' असं म्हणून मी खडू खाली ठेवतो. ती माझी कोण हे सांगत नाही. सगळ्यांना ठाऊक असतंच.

या तुकडीत पस्तिशीची एक बाई आहे, आधी शिवणकाम करायची. तिनं हात वर केला. "पण गुरुजी, त्या वळल्या कशाला?"

"लक्ष विचलित झालं."

"कशानं? मी बारा वर्षं सुईत दोरा ओवलाय. शेजारी भांडं आपटलं तरी मान वळत नाही. कुणी नावानं हाक मारली तरच वळते."

"चौकशीत तसं काही सिद्ध झालेलं नाही," मी म्हणालो.

सगळी तुकडी माझ्याकडे बघत होती. मी पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर पडलो तो थेट घरी आलो. टोपी तिथेच राहिली.

घरी येऊन चौकशीचा जुना अहवाल काढला. त्यात दोघांनी सांगितलंय की कुणीतरी ओरडल्यासारखं वाटलं, पण तो शब्द मैदानावरच्या कुणाचंच नाव नव्हता. कोण ओरडलं ते कुणी पाहिलं नाही. पाहणार कसं? अंगार हवेत असेल तोवर सगळ्यांनी अंगाराकडेच बघायचं, हाही माझाच नियम.

आज एवढंच लिहवतं आहे.

— बाबा


१५ मार्च

पोरी,

हे पत्र तिसऱ्यांदा सुरू करतो आहे. पहिल्या वेळी मोरीतल्या नळाबद्दल पानभर लिहिलं. दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांनी बांधलेल्या भिंतीबद्दल. आई मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, शाई फुकट घालवू नका."

हाक मी मारली.

तुझ्या घरच्या नावानं. ते घराबाहेर कुणाला माहीत नाही, म्हणून चौकशीत ते कुणाचंच निघालं नाही. तुला मात्र नावही कळलं होतं आणि आवाजही. वळलीस तेव्हा तू हसत होतीस. ते मी पाहिलं, आणि मग तुझ्या मागून अंगार वळताना पाहिला.

माझी खूण तुला माहीत आहे. मैदानाच्या टोकाचा पांढरा दगड, चारशे बारा पावलांवरचा. माझा अंगार तिथे पडला त्याला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती, आणि तिथवर दुसऱ्या कुणाचा गेला नव्हता. तुझा गेला. दगड ओलांडून गेला आणि खाली यायचं नाव घेईना. मला राहवलं नाही. आनंद झाला. ज्या नियमासाठी तीस वर्षं लोकांना झोडपलं, तो मी आनंदाच्या भरात मोडला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ते हेच.

तू नजर झटकलीस ती घाबरून नाही, मला वाचवायला. तुकड्यांना सांगताना मी 'घाबरून' म्हणायचो. आणि ती झेंड्यावर गेली, कारण 'गोंधळलात तर झेंडा बघा' हे मीच तुमच्याकडून घोकून घेतलं होतं. ते अंगार हातात असतानासाठी होतं, सुटल्यावरसाठी नव्हतं. पण तेवढा भेद त्या घटकेला कोण करत बसणार?

चौकशीत तुला विचारलं, कुणी हाक मारलेली ऐकलीस का? तू म्हणालीस, नाही. मग मला विचारलं, तुम्ही दोरामागे होतात, तुम्ही काही ऐकलंत? तू माझ्याकडे बघत होतीस. मी म्हणालो, "वारा होता."

काय पण उत्तर! खोटंसुद्धा धड बोललो नाही. त्या संध्याकाळी तू बॅग भरत होतीस, आणि मी गच्चीवर बसून एक खुर्ची दुरुस्त करत होतो. ती मोडलेली नव्हती.

आईला काल सांगितलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"माहीत आहे," म्हणाली.

"कसं?"

"त्या दिवशी घरी आलात ते घसा बसला म्हणून मिठाचं गरम पाणी मागितलंत. मैदानावर कधी आवाज न चढवणारा माणूस, घसा बसला कशानं?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मी बोलून काय उपयोग? बोलायचं तुम्ही होतं. रोज वाटायचं, आज बोलतील. आठ वर्षं रोज." आणि माझा सदरा तिनं असा झटकला की त्याचं बटण तुटून कपाटाखाली गेलं. अजून सापडलेलं नाही.

मला लाज वाटते, पोरी. नुसती आठवण येऊन नाही, बसता-उठता वाटते. तू रागव, पत्र फाड, काय वाटेल ते कर. पण अपील करू नका म्हणालीस, ते मी ऐकणार नाही.

— बाबा


२३ मार्च

पोरी,

तुझ्याकडून काही नाही. बरोबरच आहे.

अपील देण्याआधी झेंडेवाल्याला सांगणं भाग होतं. त्याचा धड कान एकच उरला आहे, त्यात ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडून पडायला नको होती. गेल्या शनिवारी तो नेहमीसारखा आला, नेहमीच्या खुर्चीवर बसला. मी सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला.

"परत सांगा."

मी उजव्या बाजूला जाऊन परत सांगितलं.

"आठ वर्षं मी तुमच्याकडे चहा पितोय, गुरुजी."

"हो."

"दवाखान्यात ती मला भेटायला आली होती. माहीत आहे तुम्हाला? मी तिला म्हटलं, तुझं तोंड दाखवू नकोस मला, माझं काय झालं ते बघायला आलीस का? तर म्हणाली, चुकलं माझं. आणि उभ्या उभ्या निघून गेली."

मला हे माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस, तोही कधी बोलला नव्हता.

"मला वाटायचं, पोरीच्या वतीनं तुम्ही मला चहा पाजताय," तो म्हणाला. "मी म्हणायचो, बघा, बाप असावा तर असा." मग उठला आणि दार हलक्या हातानं लोटून गेला. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

चार दिवस तो आला नाही. आई रोज त्याचा कप काढून ठेवायची आणि दिवेलागणीला पुन्हा फळीवर ठेवायची. कप ठेवताना मुद्दाम आवाज करायची. पाचव्या दिवशी आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"अपिलाला साक्षीदार लागेल. मी येईन. तुमच्यासाठी नाही."

"कळलं."

"आणि तिचा पत्ता द्या."

मी म्हटलं, तिला विचारून देतो. तर विचारतो आहे. देऊ का?

काल अपील दिलं. तिथल्या कारकुनानं माझा जबाब वाचला, माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या डोक्यावर टांगलेल्या माझ्या फोटोकडे बघितलं. "गुरुजी, यावर सही केलीत की बोर्डानं दिलेली पदवी जाईल. पहिला धडाही जाईल. फोटोसुद्धा..."

"माहीत आहे. पेन दे," मी म्हणालो. त्याचं पेन चालेना. शेवटी माझ्याच पेनानं केली.

— बाबा


१० एप्रिल

पोरी,

'द्या' एवढ्या एका शब्दाचं तुझं कार्ड आलं, त्याच दिवशी झेंडेवाल्याला पत्ता दिला. त्यानं काय लिहिलं ते मी विचारलं नाही. पोस्टात टाकायला मात्र तो आंघोळ करून, नवा सदरा घालून गेला.

काल सुनावणी झाली. तिघे जण होते. दोन जुने परवानेवाले, आणि एक वकीलबाई. या बाईंना अंगारातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मंडळींमध्ये शहाण्या त्याच निघाल्या.

"तुमच्या जबाबात अडचण अशी आहे," त्या म्हणाल्या, "की मुलीचं नाव वाचवायला बाप खोटं बोलू शकतो."

मी म्हणालो, "बाई, बोलू शकतो. पण मी तेव्हा बोललो ते स्वतःला वाचवायला."

त्यांनी मान वर करून पाहिलं. "दोरापासून फेकीची जागा नव्वद पावलं आहे. वारा होता असं तुम्हीच म्हणाला होतात. हाक पोचते का ते बघू. तुम्ही होतात तिथे उभे राहा आणि तीच हाक मारा."

मैदान रिकामं करवलं. तुझ्या जागी झेंडेवाल्याला उभं केलं, आमच्याकडे पाठ करून. मी दोरामागे गेलो. वारा अगदी तेवढाच नसेल, पण होता.

घरातही आम्ही तुझा विषय निघाला की 'ती' म्हणतो. ते नाव आठ वर्षांत माझ्या तोंडून गेलेलं नाही. पहिल्यांदा तोंड उघडलं तर नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज आला, पण आजाऱ्याच्या खोलीत मारावी तशी हाक निघाली. वकीलबाईंनी विचारलं, "त्या दिवशी अशीच मारली होती?"

"नाही."

"मग तशी मारा."

मला जमेना. आता म्हणणार होतो की बाई, राहू द्या, तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. तेवढ्यात झेंडेवाला तिकडून, मागे न वळता, ओरडला. "गुरुजी! अंगार दगडापलीकडे गेलाय! गेला, गेला, दगडापलीकडे गेला! आता मारा!"

मी हाक मारली.

झेंडेवाला सबंध वळला. त्याचं ते नाव नाही, त्याला एक कान नाही, तरी वळला. दोघे परवानेवाले वळले. शाळेच्या व्हरांड्यात लोक येऊन उभे राहिले. वकीलबाईंनी वहीत लिहिलं आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं, "हाक ऐकू येते."

मग त्यांनी झेंडेवाल्याला विचारलं, अंगार दगडापलीकडे गेला हे तुम्हाला कसं माहीत? तो म्हणाला, "खुणा बघणं माझं कामच होतं, बाई. दगडाच्या पुढे चाळीस पावलं तरी गेला होता तो वळला तेव्हा. आणि अजून वरच होता." "मग हे तुम्ही चौकशीत का सांगितलं नाहीत?" "कुणी विचारलंच नाही. मी खाटेवर होतो. आणि मला तिचं चांगलं काही सांगायचं नव्हतं."

मी तिथेच गवतावर बसलो. नवे सर पाणी घेऊन आले आणि माझी टोपीही. महिनाभर त्यांनी ती जपून ठेवली होती.

— बाबा


१५ एप्रिल

पोरी,

निकाल लागला. कागद सोबत आहे. हाकेमुळे नजर वळली, दोष हाक मारणाऱ्याचा. तुझा परवाना परत. फक्त मध्ये आठ वर्षं गेली म्हणून दोन मेला बोर्डापुढे एक फेक करून दाखवायची. यायचं की नाही ते तू ठरव. तुला अंगार पुन्हा हातात घ्यावासा वाटेलच असं मी धरून चालत नाही.

माझी पदवी गेली. फोटो उतरवला, त्या खिळ्याला कारकुनानं कॅलेंडर लावलं. पहिला धडा यापुढे झेंडेवाला देईल. त्याला भाषण येत नाही म्हणून तो आईला ऐकवून तालीम करतो आहे. आमच्या दारात तो पुन्हा बसायला लागला आहे, पण खुर्ची माझ्यापासून जरा लांब ओढून.

मला वाटलं होतं, लोक तोंडावर थुंकतील. उलटच झालं. रस्त्यात थांबवून हात हातात घेतात. 'शेवटी बापाचं काळीज!' 'आनंदाच्या भरात कुणाच्याही हातून होईल, गुरुजी.' वकीलबाईंनीसुद्धा निकालात 'पित्याला झालेला अनावर आनंद' असं लिहिलंय. तीन दिवस मी माना डोलावल्या. आता मान दुखते.

म्हणून हे तुला एकटीलाच लिहितो. आईलाही दाखवलेलं नाही.

आनंद झाला हे खरं. पण हाक मी कधी मारली ते बघ. तुझा अंगार सुटला तेव्हा आनंद झाला होता, मी गप्प होतो. तो उंच चढला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, तरी गप्पच होतो. दगड ओलांडला आणि मी ओरडलो. एकतीस वर्षं जो दगड माझा होता, तो. नावानं हाक मारली तर काय होतं, हे त्या मैदानावर माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मग ती हाक 'शाब्बास' होती की 'थांब' होती?

मला माहीत नाही. दाढी करताना आरशात बघून विचारतो. एखाद्या दिवशी एक उत्तर येतं, एखाद्या दिवशी दुसरं. आनंद होता एवढं नक्की. आनंदच होता का, ते सांगता येत नाही.

बोर्डाला हे सांगितलं नाही, कारण त्यांच्या वहीत याला रकाना नाही. तुला सांगायला हवं, कारण तू हसत वळली होतीस. बाबांना आनंद झालाय असं समजून वळलीस. गेली आठ वर्षं तू गप्प राहिलीस ती कदाचित त्याच समजुतीवर. आता सगळे तेच म्हणताहेत म्हणून मीही तेच म्हणत राहिलो, तर 'वारा होता' हे मी दुसऱ्यांदा म्हटल्यासारखं होईल.

दोन मेला तू आलीस तर मी मैदानावर येणार नाही. घरी खिडक्या लावून बसेन. आली नाहीस तरी समजेन.

— बाबा


२७ एप्रिल

पोरी,

दहा दिवस टपालवाल्याची सायकल दिसली की मी आत जाऊन बसायचो. काल आईनंच कार्ड आणून हातात दिलं.

'बाबा, मी येते. घरी बसू नका. दोरामागे, होतात त्याच जागी उभे राहा.'

पलटून पाहिलं, मागे काही नाही. मी जे विचारलं होतं त्याबद्दल एक अक्षर नाही. आई म्हणाली, "तिनं अजून काय लिहायला हवं होतं?" मी ते पत्र तिला दाखवलं नव्हतं, तरी असं म्हणाली. झेंडेवाल्यानं चष्मा लावून कार्ड दोनदा वाचलं आणि लगेच शाळेत जाऊन नव्या सरांशी भांडला. सर म्हणत होते, त्या दिवशी झेंड्याखाली दुसरा कुणी उभा करू. हा म्हणाला, "माझी जागा आहे ती. मी उभा राहणार." शेवटी सरांनी हात टेकले.

गाडी किती वाजता पोचते ते आईला कळव. आणायला तीच येईल. तुझी खोली तिनं उघडून ठेवली आहे, गादी दोन दिवस उन्हात घातली.

मी उभा राहीन. तू माझ्याकडे बघू नकोस.

— बाबा